अक्काची फळी

दिवस: गेल्या दिवाळीतली भाऊबीज, सकाळची वेळ. ठिकाण: धरमपुरी, नर्मदेचा घाट. हजर: माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणतो, त्यांचे धाकटे भाऊ नाना, देवासहून आलेले, माझे यजमान मिलिंद, पीथमपूरच्या आमच्या फॅक्टरीतले राठौर भिया, दोर धरायला घाटावरचा एक नावाडी, आणि मी, वसुधा. नानांचा टॅक्सीवालाही आला होता, पण तो वर टपरीवर पोहे खात बसला होता. त्याला साक्षीदार धरत नाही.

हे आधीच लिहून टाकलं, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणार की बाईंना भास झाला. मी एकटीच असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मी बस-बॉडी बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. माल आला, तपासला, जागेवर ठेवला, ज्याला हवा त्याला दिला. जे हातात धरता येत नाही त्याची आमच्याकडे नोंद होत नाही. सासूबाई होत्या तेव्हा अमावास्येला दहीभात उतरवून टाकायच्या. मी तो भात गल्लीतल्या कुत्रीला नीट मिळेल अशा जागी ठेवायचे, एवढाच माझा त्यातला सहभाग. असल्या गूढ अनुभवांची सदरं मी जेवणाच्या सुट्टीत वाचते ती डबा संपेपर्यंतची करमणूक म्हणून... आणि आता मीच लिहायला बसले आहे.

तर — नाव.

देवासला नानांच्या घरामागे सीताफळीखाली एक जुनी फायबरची नाव पडलेली असायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. पांढरा रंग खडूसारखा हाताला लागायचा, कडा तडकलेल्या, आत पावसाचं पाणी, बेडूक, सडका पाला. बसायला तीन आडव्या फळ्या — पुढे एक, मागे एक, मध्ये एक. मागच्या श्रावणात नानांकडे गेले होते, तेव्हा ते म्हणाले, "वसुधा, पाहिजे का तुला ही? घेऊन जा बाई. मच्छर होतात, नगरपालिकेचे लोक येऊन बडबडून जातात."

मला ती पाहिजे होती. रोज फायबरचं रेजिन आणि काचतंतूंच्या मॅटचे रोल हाताखालून जातात; तडा कसा भरायचा, थर कसा चढवायचा हे बघून बघून पाठ झालं होतं. स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं. आणि खरं कारण वेगळंच होतं.

मामंजी धारला आमच्याकडे, नाना देवासला. दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. भांडण म्हणावं तर तसंही नव्हे. लग्नामुंजीत एका पंगतीला बसायचे, पण "त्यांना कढी वाढा" हे तिसऱ्याला सांगायचं. मूळ गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्काची. अक्का देवासला शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नाही, आईवडिलांमागे दोन्ही भावांना त्यांनीच वाढवलं. त्या गेल्या, तेव्हा अस्थी घेऊन नाना नर्मदेकाठी नेमावरला पोहोचले. मामंजी धारहून निघाले होते. कन्नौदला बस बंद पडली. ते घाटावर पोहोचले तेव्हा विसर्जन होऊन गेलं होतं. नाना म्हणतात, गुरुजींना घाई होती. मामंजींचं वाक्य एकच — "थांबला नाही तो."

ही नाव दोघांनी तरुणपणी हौसेने घेतलेली. मीठा तलावावर चालवायचे. मला वाटलं, तीच नाव नीट करावी आणि भाऊबीजेला दोघांना तिच्यात बसवून नर्मदेवर एक फेरी मारावी. नाना ऐंशीच्या घरात, मामंजी त्यांच्याही पुढे. आता नाही तर मग कधी?

नानांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. मामंजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"ती आहे अजून?"

"आहे ना. आपल्या मागच्या शेडमध्ये आणून ठेवलीय. बघायला येता?"

"नको. पाण्यात उतरेल तेव्हा बघेन. अशी आजारी नको दाखवूस." मग पुन्हा थोडी सुपारी. "तो येणार आहे का?"

"येणार म्हणालेत."

"मग मला टोपी नवी लागेल."

एवढं पुरे होतं. मी कामाला लागले.

राठौर भिया आमच्या लॅमिनेशन शॉपचे सुपरवायझर. रविवारी यायचे, खुर्ची टाकून सूचना द्यायचे, आणि चहाबरोबर शेव असली की हातही लावायचे. घासणं, तडे भरणं, नवीन मॅट बसवणं हे सगळं मी केलं. दोन महिने माझ्या केसांत फायबरची खाज होती. मिलिंद म्हणायचे, "नाव होईल तेव्हा होईल, आमची गादी आधी फायबरची झालीय."

मधली फळी कुजली होती. वरून फायबरचा पापुद्रा, आत सागवान, पण भुसा झालेलं. शिवाय म्हाताऱ्या माणसांना ती ओलांडून पाय टाकणं अवघड. बसणार दोघंच — एक पुढे, एक मागे, नावाडी कडेला. मधल्या फळीचं काय काम? मी ती दोन्ही टोकांना कापून काढायला घेतली.

राठौर भियांनी हटकलं. "मैडम, बीच का पटिया निकालोगे तो बॉडी फैलेगी."

"मग दोन्ही बाजूंना जादा मॅट मारू ना."

"हाँ, वो चल जाएगा," ते म्हणाले, आणि चाललंही असतं.

फळीचं लाकूड वाळवलं, फोडलं आणि बंबात घातलं. मामंजींना गीझरचं पाणी पातळ लागतं, त्यांना अजून बंबाचंच हवं. त्या लाकडावर तापलेल्या पाण्याने त्यांनी आंघोळ केली. "आज पाणी छान तापलंय," असंही म्हणाले.

कोणालाच काही विचारावं असं मला वाटलं नाही. कुजलेलं लाकूड होतं ते.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेजिनमध्ये हार्डनर मिसळला की ते तापतं, घट्ट होतं आणि मग दगडासारखं कडक होतं. थंडी असली, ओल असली, माप चुकलं तर चिकट राहतं. पूर्ण नाव कडक झाली. फक्त दोन जागा राहिल्या — जिथून फळीची टोकं कापली होती त्या, समोरासमोर. दुसऱ्या दिवशी बोट लावलं, ओलं. तिसऱ्या दिवशी, तसंच. डाव्या बाजूचा डाग अगदी फळीच्या जाडीएवढा. उजवीकडचाही. त्याच्या वरखाली बोटभर अंतरावर कडक, टकटक वाजणारं.

मी घाबरले वगैरे नाही. माप चुकलं, असं समजून घासून काढलं, पुसलं, पुन्हा थर दिला. ज्या मगमध्ये रेजिन कालवलं होतं, त्यात उरलेलं तिथेच दगड झालं. तो मग फोडावा लागला. तिथे मात्र ओलंच. नवीन डबा आणला. हॅलोजनचा दिवा लावून ठेवला. दिवसभर उन्हात नाव तिरकी करून ठेवली. शेवटी राठौर भियांना म्हटलं, तुम्ही तुमच्या हाताने करा.

त्यांनी केलं. पुढच्या रविवारी आले, अंगठा लावला आणि तो पँटला पुसत बसले.

"मैडम, अपन इत्ते साल से इसी में हाथ काले कर रिये हैं. ऐसा नी देखा."

"कारण काय पण?"

"कारण होता तो बताता नी क्या? आपकी नाव रूठ गई है." हसले, पण शेव तशीच ठेवून गेले.

दिवाळी आली. इथे मी जे केलं ते माझ्या नोकरीत कुणी केलं असतं तर मी त्याला साहेबांसमोर उभं केलं असतं — कच्चं काम झाकून पुढे पाठवलं. दोन्ही ओल्या जागांवर रबरी मॅटिंगचे तुकडे चिकटवले. नावेला त्याने धोका नव्हता, पाणी शिरण्याची ती जागाच नव्हती. आणि भाऊबीज काही पुढे ढकलता येत नाही.

तर आता घाट.

निघताना मी सगळं घेतलं होतं: लाइफ जॅकेटं, घडीच्या खुर्च्या, थर्मास, छत्र्या, मामंजींच्या गोळ्या, करंज्यांचा डबा, कोरडे पंचे. एकही वस्तू विसरले नाही. अक्काचा फोटो देवघराशेजारी असतो, रोज मी त्याला फूल वाहते. तो घ्यावा हे मनातसुद्धा आलं नाही.

नाव उतरवली. आधी मी एकटी मागच्या फळीवर बसून पाहिलं. नावेचं पुढचं नाक असं वर गेलं की मी किंचाळले. "उतर, नाहीतर चंद्रावर जाशील!" म्हणत मिलिंदनी फोटो काढला. हलकी नाव, एका टोकाला वजन आलं की असंच होणार. दोघं दोन टोकांना बसले की समतोल. माझं समाधान झालं.

तोवर नाना पायऱ्या उतरून आले. दोघं भाऊ समोरासमोर.

"जाड झालास," मामंजी म्हणाले. थेट. तिसऱ्याला न सांगता.

"तुला कमी ऐकू येतं असं कळलं," नाना म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"काय?"

"म्हटलं, कोण म्हणतं?"

"बघ, मलाच येत नाही," नाना म्हणाले, आणि दोघं हसले. एकसारखं, खांदे हलवून. ते एकसारखे हसतात हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं, कारण दोघांना एकत्र हसताना मी पाहिलंच नव्हतं. मिलिंदनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

मामंजी आधी चढले. नवी टोपी, अंगावर लाइफ जॅकेट. मागच्या फळीवर बसले, मी बसले होते तिथेच. मामंजी माझ्याहून चांगलेच वजनदार आहेत. नाक वर जाणार म्हणून मी नावाड्याला आधीच म्हटलं, "पुढून दाबून धरा हं."

त्याने अजून हातही लावला नव्हता, तरी नाक वर गेलं नाही.

नाव सरळ राहिली. पाण्याची रेघ पुढे-मागे एकसारखी. नावाड्याला वाटलं, खाली दगडाला टेकलीय. त्याने पुढच्या बाजूने बांबू खाली घातला. तो खोल गेला, तळ लागला नाही. त्याने राठौर भियांकडे पाहिलं. राठौर भियांनी माझ्याकडे पाहिलं. मिलिंद फोटो काढत होते, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. एकात मी आणि वर गेलेलं नाक. दुसऱ्यात मामंजी एकटे, मागच्या टोकाला, आणि नाव टेबलावर ठेवल्यासारखी.

नाना शेवटच्या पायरीवर आले. एक पाय उचलला आणि थांबले.

"मधली फळी कुठे गेली?"

"कुजली होती, नाना. तुम्हाला पाय टाकायला अडचण नको म्हणून काढली."

"ठेवलीस कुठे?"

खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही. "बंबात घातली."

नाना माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मग अक्का कुठे बसणार?"

तेव्हा मला कळलं. त्या नावेत दोघं भाऊ कधीच एकटे नव्हते. एक पुढे, एक मागे, आणि मध्ये अक्का. पुढे मिलिंदनी सांगितलं की लहानपणी त्यांनाही आत्याच्या मांडीवर तिथेच बसवायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही, म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही.

मामंजींनी आधारासाठी कडेला हात टाकला. रबरी तुकडा निघून आला. त्यांनी बोटं डोळ्यांसमोर धरली.

"नाना," ते म्हणाले, "इथे ओलं आहे रे." मग दुसऱ्या कडेला वाकून तिकडेही हात लावला. "इथेही."

मिलिंद म्हणाले, "नाना, बसा ना. नावाडी थांबलाय."

"ती उभी राहील आणि मी बसू?"

हे त्यांनी गूढ वगैरे आवाजात म्हटलं नाही. बसमध्ये एखाद्या बाईला जागा देताना म्हणतात, तितक्या साधेपणाने म्हटलं.

"ये ना रे," मामंजी नावेतून म्हणाले. त्यांच्या तोंडी तो स्वर मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

नाना पायरीवर उभे. पाण्याकडे बघत म्हणाले, "दादा, तेव्हा मी थांबलो नाही. आता थांबतो. फळी बसली की सांग."

आणि वळून हळूहळू पायऱ्या चढून गेले. राठौर भिया त्यांना धरायला धावले. टॅक्सी निघून गेल्याचा आवाज आम्ही खालून ऐकला. करंज्यांचा डबा तसाच परत आला.

ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं आहे. आमच्या डिझाइनमधल्या एका इंजिनीअरला फोटो दाखवले. तो म्हणाला, पुढे काहीतरी जड ठेवलं असणार. पुढे काही नव्हतं, हे आम्ही चौघं सांगू शकतो. मिलिंद म्हणतात, दोर ताणलेला असेल. फोटोत दोर सैल आहे, पाण्यात झोळ पडलेला दिसतो. रेजिनबद्दल राठौर भिया काही बोलतच नाहीत, विषय निघाला की चहा मागतात. मी भूत पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही, अंगावर काटासुद्धा तिथे आला नाही. घरी येऊन डबे धुताना आला. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. शोधणं मी आता सोडून दिलं आहे, कारण मला त्याची तेवढी रुखरुख नाही. रुखरुख वेगळी आहे. करवत हातात घेण्याआधी आत जाऊन मामंजींना म्हणायचं होतं, "मधली फळी काढतेय, चालेल ना?" एवढंच. दोघं भाऊ समोरासमोर हसले होते हो. मी ते पाहिलंय.

दुसऱ्याच दिवशी मी सुताराकडून सागवानाची नवी फळी आणली. आता मामंजी रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. फळीला वरून मॅट चढवली, ती एका दिवसात कडक झाली. टिचकी मारली तर वाजते. पण दोन्ही टोकं जिथे नावेला जोडायची तिथे अजून तेच. घासते, पुसते, थर देते. दिवाळी गेली, थंडी गेली, आता ऊन असं आहे की शेडमध्ये डबा उघडला की रेजिन मगमध्येच धरायला लागतं. तिथे मात्र ओलं. फळी अजून नुसती टेकवून ठेवली आहे.

नानांचा फोन येतो. मध्यंतरी ते दवाखान्यात होते, तिथूनही आला. आवाज बारीक झालाय.

"वसुधा, बसली का गं फळी?"

मी मामंजींकडे फोन धरते. ते घेत नाहीत. खुर्चीतून वाकून डावीकडे बोट लावतात, मग उजवीकडे, पंचाला पुसतात आणि मला म्हणतात, "सांग त्याला, अजून ओली आहे."

मी सांगते.

"बरं," नाना म्हणतात. "मी आहे."

काम बाकी: मधली फळी, दोन्ही टोकं.